दोन श्वासांपुरता

शाल्मली दारातच थांबली,
एक चप्पल पायात, एक हातात.
"बाबा, घराला वास येतोय."
बाणेरहून बिबवेवाडी म्हणजे आता गावाला जाणंच,
चार महिन्यांनी आली होती,
आणि पहिलं वाक्य हे.

कसला, म्हणालो.
कुबट, म्हणाली. न वाळलेल्या पायपुसण्याचा.
आतून कुंदा : काहीतरीच तुझं!
मलाही तेच म्हणायचं होतं.
खडकीच्या कारखान्यात, तपासणी खात्यात
तेहतीस वर्षं काढली मी.
दिव्याखाली धरलेल्या पितळेत
केसाएवढी चीर सापडायची मला,
आणि माझ्याच घराचा वास मला कळू नये?

ती गेल्यावर दार लावून
छातीभर ओढून बघितलं.
रोजचंच सगळं. फोडणी, उदबत्ती,
कुंदाचं गुडघ्याचं तेल.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आलो, कुलूप काढलं,
आणि उंबऱ्यातच तो भेटला.
ओलसर, जुना,
आपण पाहुणे आणि तो घरचा असल्यासारखा.
एक श्वास. दुसरा.
तिसऱ्याला गायब.

मग तीच रीत धरली.
जिन्यात, मीटरच्या पेट्यांपाशी
दहा मिनिटं उभं राहायचं,
आत यायचं, दोन श्वासांत शोधायचं,
नाक सरावलं की परत बाहेर.
चपलांचा स्टँड झाला.
मोरी झाली, तिचा वास आमच्या ओळखीतला.
दिवाण उघडून गाद्यांखाली डोकं घातलं,
तिथे लग्नातली पातेली निघाली,
नाव घातलेली, आता कुणाची ते आठवेना.
सातव्या खेपेला समोरच्या ओगल्यांनी
दार किलकिलं केलं. "काही हरवलंय का?"
सापडतंय, म्हणालो.
त्यांनी दार लावलं, वरून साखळीही.

लोखंडी कपाट सरकवायला दोघं लागलो.
मागे भिंत.
रंगाला फोड आलेले, करपल्या पापडासारखे,
आणि त्यांच्यामध्ये काळं, मऊ, मखमली काही,
हात फिरवावासा वाटेल असं.
कुंदा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
मी ह्याच भिंतीकडे डोकं करून झोपते.

हनीफ मिस्त्रीने हातोडी काढलीच नाही.
तळवा ठेवला भिंतीवर,
तापात कपाळावर ठेवतात तसा.
"काका, पाणी इथं दिसतंय. इथलं नाहीये ते."
सळईवरून चालत येतं, म्हणाला.
"त्याला कुठं घाई आहे?"

वरच्या मजल्यावर मोघे सर. एकटेच.
त्यांच्या सिंकखाली टॉवेलची घडी,
तिच्याखाली आणखी एक घडी,
तिच्याखाली वर्तमानपत्रं,
तारखा विरघळून गेलेली.
टॉवेल हातात घेऊन सर उभे,
पिळावा की लपवावा ते कळेना.
"वास? मला तर कधी..."
मलाही नाही आला, म्हणालो.
त्यांच्या घरात शिरताना
मला माझे दोन श्वास मिळाले होते.
त्यात काय काय आलं
ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

चाळीस रुपयांचा वायसर.
बाकी खर्च भिंतीचा.
पंधरा दिवस टेबलफॅन
भिंतीकडे तोंड करून फिरत राहिला
रुसलेल्या जावयासारखा,
आणि कुंदा पायथ्याकडे उशी घेऊन झोपली.

काल शाल्मली आली.
मी दारात उभा,
तिच्या चेहऱ्याकडे नाही, नाकाकडे बघत.
नाकपुड्या हलल्या का? हलल्यासारख्या वाटल्या.
दोन्ही चपला काढून तिने स्टँडवर ठेवल्या.
"काय बघताय बाबा?"
काही नाही, म्हणालो,
आणि तिला आत सोडून
जिन्यात जाऊन उभा राहिलो
दहा मिनिटं.